अकरा मिनिटांचा खुलासा

अनंतराव मोडक उभ्या आयुष्यात एकदाच चष्मा घरी विसरले. तो शनिवार होता, जानेवारीची सतरा तारीख, साल शहात्तर. त्या वर्षी सगळ्या देशालाच वक्तशीर करायचं घाटत होतं. सगळं वेळेवर चाललं आहे, असं निदान भिंतींवर तरी लिहिलेलं होतं. मोडकांच्या घरात मात्र ही क्रांती पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. नऊ पस्तीसला दाराला कुलूप, नऊ त्रेचाळीसला टिळक चौकातल्या छापखान्याचा कोपरा, नऊ पन्नासला कचेरी. सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या शेजारीण लीलाबाई त्या कुलपाचा आवाज ऐकून कुकर उतरवत.

कुलूप लावून निघायची ती दोन माणसं. अनंतराव आणि त्यांची मुलगी विनोदिनी. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. विनोदिनी सत्तावीस वर्षांची होती, नगर वाचनालयातली अर्धी कपाटं तिनं वाचून संपवली होती, आणि आपलं नाव ठेवताना घरच्यांनी फार घाई केली असं तिचं प्रामाणिक मत होतं.

दोघंही एकाच कंपनीत होती. कंपनी म्हणजे वखारभागातली एक लांबट इमारत. साखर कारखान्यांकडून तिथं उसाच्या नोंदी येत. कुणाचा ऊस, कुठल्या गावचा, कुठल्या गटातला, कधी लावलेला. त्या नोंदी पुठ्ठ्याच्या कार्डांवर यंत्रानं भोकं पाडून उतरवायच्या आणि कार्डांच्या पेट्या एस.टी.नं पुण्याला पाठवायच्या. पुण्याला एक गणकयंत्र होतं. ते म्हणे ती भोकं वाचत असे. सांगलीतल्या कुणी ते पाहिलेलं नव्हतं, पण पुण्यातल्या श्रीमंत काकांविषयी बोलावं तसं सगळे त्याच्याविषयी दबकून बोलत. त्याला एक भोक चुकलेलं चालत नसे. आणि भोक एकदा पडलं की पडलं. ते बुजवायची सोय नव्हती. कार्ड वाया जायचं.

भोकं पाडायच्या खोलीत चौदा मुली भिंतीकडे तोंड करून बसत आणि त्यांच्या पाठीमागे, दाराशी, पर्यवेक्षकाचं टेबल होतं. पर्यवेक्षक अनंतराव. पाच वर्षांपूर्वी विनोदिनीला तिथं नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी एक नियम घालून दिला. छापखान्याच्या कोपऱ्यापर्यंत ते तिचे वडील. कोपरा ओलांडला की साहेब. कोपऱ्यावर ते चाळीस पावलं पुढं निघत, ती मागून येई. कचेरीत तिनं त्यांना 'मोडकसाहेब' म्हणायचं, ते तिला 'मिस मोडक' म्हणत. दुपारी चौदा मुली गोल करून डबे उघडत आणि साहेब आपल्या टेबलाशी एकटे जेवत. दोन्ही डब्यांत एकच भाजी असे आणि ते सगळ्या खोलीला ठाऊक असे, कारण वांग्याला वास असतो. पण त्याचा उच्चार कुणी करत नसे. घरी तिनं कचेरीचा विषय काढला की ते म्हणत, "ऑफिसचं ऑफिसात." तिनं कचेरीत घरचं काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

आता गंमत अशी, की तीन महिन्यांपूर्वी मॅनेजरसाहेब महाबळेश्वरला पाच दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. उत्तम नेतृत्व कसं करावं, याचं ते शिबिर होतं. तिथून ते चार बाटल्या सरबत आणि एक विचार घेऊन आले. सरबत त्यांनी घरी ठेवलं, विचार रंगवून खोलीत लावला. भिंतीवर निळ्या अक्षरांत पाटी आली: 'आपण सारे एक कुटुंब'. खोलीत एकमेकांचं खरोखरीचं नातं असलेली दोनच माणसं होती, आणि ती दोघं त्या पाटीखाली एकमेकांना साहेब आणि मिस म्हणत होती.

तर त्या शनिवारी छापखान्याच्या अलीकडे पाच पावलांवर अनंतराव थांबले, खिसा चाचपला आणि म्हणाले, "विनू, चष्मा राहिला गं." ती धावत घरी गेली. चष्मा कोनाड्यात नव्हता. टेबलावर नव्हता, देव्हाऱ्यात नव्हता. दहा मिनिटांनी तो गाद्यांच्या ढिगात, सगळ्यांत खालच्या वळकटीत सापडला. बाबा आता म्हातारे होत चालले, असं तिच्या मनात आलं. थोडा रागही आला. ती पोहोचली तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. मॅनेजरसाहेब दारात घड्याळ हातात घेऊन उभे होते. तिनं टेबलावर चष्मा ठेवला आणि म्हटलं, "साहेब, चष्मा." अनंतरावांनी तो चष्म्याच्या घरातून काढला, रुमालानं पुसला, नाकावर चढवला आणि त्याच चष्म्यातून तिला मेमो लिहिला.

'कुमारी विनोदिनी अनंत मोडक यांस. आपण आज अकरा मिनिटे उशिरा हजर झालात. उशिराचे कारण तीन दिवसांत लेखी कळवावे. अनंत मोडक, पर्यवेक्षक.' एक प्रत तिला, एक कचेरीला. तिनं सही केली. चौदापैकी तेरा यंत्रं थांबली होती. मग ती एकदम सुरू झाली.

संध्याकाळी ती त्यांच्या मागून चाळीस पावलांवर चालली नाही. नदीकडून गेली. घाटावर उभं राहून मेमोचे चार तुकडे केले आणि कृष्णेत सोडले. घरी आली तर अनंतरावांनी भडंगाचा पुडा आणून तिच्या पुस्तकाशेजारी ठेवला होता. तो तिनं उघडला नाही. पानं वाढली, दोघं जेवली. हात धुताना ते म्हणाले, "खुलासा लिहिलास का? मी सांगतो काय लिहायचं ते." ती म्हणाली, "ऑफिसचं ऑफिसात."

ते हसले असावेत. तिनं पाहिलं नाही. रविवारी सकाळी दाढीचं पाणी गरम करून तिनं मोरीपाशी ठेवलं. ते तिथंच निवलं. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, मग खाली ठेवलं आणि घड्याळ पाहून वेळ लिहिली. आठ वाजून वीस मिनिटं.

*

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी विनोदिनी नऊ पन्नासला कचेरीत हजर झाली. टेबल जागेवर होतं. खुर्ची आत सरकवलेली होती. मुलींनी तिच्या यंत्रावर चाफ्याचं फूल ठेवलं होतं आणि कुणी काही बोललं नाही, याबद्दल ती त्यांची कायमची ऋणी राहिली.

बोलले ते हरिभाऊ. हरिभाऊ आस्थापनेचे कारकून, मनानं मऊ, पण नियम दिसला की त्यांना राहवत नसे. त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग म्हणाले, की त्या मेमोचा खुलासा यायचा राहिलाय. तीन दिवसांची मुदत होती, पण सुतकाचे दिवस धरायचे नाहीत असं मी मॅनेजरसाहेबांना पटवलंय.

त्या क्षणी विनोदिनीला आठवलं की कचेरीची प्रत शिल्लक आहे.

घरात अनंतरावांच्या हातचे पुष्कळ कागद होते. दुधाचं कॅलेंडर होतं, किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या. पण तिला उद्देशून लिहिलेला कागद एकही नव्हता. एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. एकच कागद होता, आणि त्यावर त्यांचं नाव दोनदा होतं. वर तिच्या नावाच्या मध्ये, आणि खाली सहीत. आपली प्रत तिनं नदीला दिली होती. दुसरी हरिभाऊंच्या फायलीत होती. तिला ती हवी होती. एवढंच. इतकी साधी गोष्ट मागायला किती वेळ लागणार, असं वाटून तिनं ती मागितली.

हरिभाऊ दचकले. मेमो फायलीबाहेर जात नाही, त्यांनी समजावलं. खुलासा समाधानकारक असो वा नसो, निकाली निघालेला कागद साताऱ्याच्या मुख्य कचेरीत जातो आणि पाच वर्षांनी तिथं जाळतात. मात्र मेमो मागं घेतला, तर तो कर्मचाऱ्याला परत मिळतो. तसा नियम आहे. आणि मागं कोण घेऊ शकतं? ज्यानं दिला तो.

हरिभाऊंनी खाली पाहिलं. नियमाची एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नसेल.

*

पहिला खुलासा चार पानी झाला. विनोदिनीनं तो रात्रभर लिहिला, त्यात काळ, मनुष्य आणि वक्तशीरपणा यांच्यासंबंधी बरंच काही होतं. हरिभाऊंनी चारही पानं उभ्यानं वाचली, सुरेख उतरलंय म्हणाले, आणि खुलाशाला पाच छापील कारणं असतात ती दाखवली. स्वतःचा आजार, नातेवाइकाचा आजार, मयत, वाहन नादुरुस्त, पूर. अधिकाऱ्याचा चष्मा त्यांत नव्हता.

शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. लीलाबाईंचं म्हणणं पडलं की पोटात दुखत होतं असं लिहून टाकावं; बाईमाणसाच्या पोटाविषयी पुढं कुणी विचारत नाही. समोरचे नानासो पलटणीत सुभेदार होते, खंडाळा तालुक्यातले, आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या भांडणांवर देखरेख ठेवत. त्यांनी विनोदिनीला अंगणात बोलावून खुर्ची दिली आणि हळू आवाजात मसलत केली.

"आवं ताई, फौजेत आमी एकच शिकलो. काय बी कबूल करायचं न्हाई. सायबानं इचारलं उशीर का, तर इचारायचं, कुठला उशीर?"

"पण माझी सही आहे, नानासो."

"मग सही कुणाची, इचारायचं."

शेवटी तिनं खरं तेच लिहिलं, चार ओळींत. पर्यवेक्षकांचा चष्मा घरी राहिला होता, तो आणण्यासाठी त्यांनी मला परत पाठवलं, म्हणून उशीर झाला. हरिभाऊंनी कागद घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा खुलासा नाही राहिला, विनूताई," ते म्हणाले. "ही अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार झाली. खाजगी कामासाठी हाताखालच्या माणसाला राबवलं अशी. आता चौकशी लागणार." फाडून टाका, असं ती म्हणाली; पण तोवर त्यांच्यातला नियम जागा झाला होता आणि आवक क्रमांक पडलेला होता.

आठ दिवसांनी रजिस्टर आलं. पोस्टमननं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं: श्री. अनंत मोडक. दार उघडायच्या आत लीलाबाई ओट्यावर आल्या होत्या. आत साताऱ्याची नोटीस होती. आपण कर्मचाऱ्यास खाजगी कामासाठी पाठवल्याचा आरोप आहे, तरी सात दिवसांत समक्ष वा लेखी म्हणणे मांडावे. न मांडल्यास आपणांस काही सांगायचे नाही असे समजण्यात येईल. पोहोच-पावतीवर विनोदिनीनं वारस म्हणून सही केली. म्हणजे आता मुलीनं वडिलांना खुलासा द्यायचा होता, वडिलांनी साताऱ्याला, आणि दोन्हीकडून लिहिणारी एकटी तीच. त्या रात्री चूल पेटवायच्या ऐवजी तिनं तीन आठवड्यांपूर्वीचा भडंगाचा पुडा उघडला. तो मऊ पडला होता. तिनं तो सगळा खाल्ला.

*

साताऱ्याला ती स्वतःच गेली. सकाळची एस.टी. कऱ्हाडला पंक्चर झाली, हे एक छापील कारण तिच्या पदरी विनासायास पडलं. फक्त त्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता. पोवई नाक्याजवळच्या मुख्य कचेरीत आप्पासो नावाचे हेडक्लार्क होते. त्यांनी आधी नोटीस पाहिली, मग तिला पाहिलं, पाणी मागवलं आणि शिपायाला सांगून चौकशीसाठी सांगलीहून मागवलेलं मोडकांचं मेमोबुक काढवलं. ते उघडून त्यांनी बराच वेळ पानं मागंपुढं केली.

"हे मोडकसाहेब अकरा वर्षं पर्यवेक्षक होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमच्या खोलीत कुणी उशिरा येतच नव्हतं काय?"

विनोदिनीला प्रश्न कळला नाही. त्यांनी मेमोबुक तिच्याकडे फिरवलं. पन्नास पानांच्या पुस्तकातलं पहिलंच पान फाडलेलं होतं. अकरा वर्षांत एक मेमो, क्रमांक एक. पुढची एकोणपन्नास पानं कोरी.

पण हे खरं नव्हतं. तिनं पाच वर्षं पाठीमागून ऐकलं होतं. दर दोन-चार दिवसांनी कुणाला तरी टेबलाशी बोलावणं येई, हळू आवाजात काही बोलणं होई, मुलगी हातात काहीतरी घेऊन परत येई आणि मान खाली घालून यंत्राशी बसे. ते मेमो असत, असंच ती धरून चालली होती. बाबा सगळ्यांनाच देतात, मला एकदाच दिला. या हिशेबावर तर तिनं स्वतःला थोडंफार सावरलं होतं.

आप्पासोंनी तोड काढून दिली. अधिकारी मयत असल्यास त्याच्या जागी मॅनेजरनं तोंडी सुनावणी घ्यावी, सर्वांसमक्ष, एका साक्षीदारासह. मग त्याला मेमो मागं घेता येईल. नोटिशीचंही तिथंच निकालात काढा, ते म्हणाले. निघताना तिला नाक्यापर्यंत सोडायला आले. "एवढ्या कागदासाठी सातारा गाठलंत," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी विनोदिनीनं मुलींना सरळ विचारलं, साहेब टेबलाशी बोलावून काय देत असत. अंजनानं डब्याच्या पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. अंजना कवलापूरची, घरी पाच म्हशी, त्यांचं आवरून एस.टी. पकडून यायची. डबीत वाया गेलेली कार्डं होती, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर अनंतरावांचं अक्षर.

'सव्वानऊची गाडी बुधगावला नेहमी रखडते. नऊ पाचची धरावी.' दुसरं: 'नऊ पाचची बंद झाली. स्टँडवर विचारलं. आठ पंचावन्नची आहे, कंडक्टर भला आहे.' तिसरं: 'म्हैस व्याली असेल तर दोन दिवस सुट्टी घ्यावी. धावत येऊन चुका होतात.'

"आमाला वाटलं, तुमाला म्हाईत हाय," अंजना म्हणाली. "आन् शाईचं?"

शाईचंही विनोदिनीला माहीत नव्हतं. रोज दहाला हजेरीपुस्तक मॅनेजरकडे पाठवायचं असे, आणि रोज दहाला अनंतरावांच्या पेनातली शाई संपत असे. मग दौत काढायची, पेन उलगडायचं, भरायचं, पुसायचं. शेवटची मुलगी आत येऊन सही करेपर्यंत पेन भरत राही. कधी सहा मिनिटं, कधी तेरा. पाठीमागचा तो खुळखुळ आवाज विनोदिनीनं पाच वर्षं ऐकला होता आणि मनात म्हटलं होतं, बाबांना घरून पेन भरून यायला काय होतं.

सुनावणी मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी लावली होती; आता राहिला साक्षीदार. शिपाई आकारामनं त्या सकाळी कोपऱ्यावर त्यांना पाहिलं होतं. तो पलूसचा, अनंतरावांच्या वयाचा. संध्याकाळी फाटकापाशी तिनं त्याला गाठलं आणि उद्या सुनावणीत पाहिलं ते सांगशील का, विचारलं. आकारामनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांगीन की. पर ताई, तुमी त्यो कागूद परत घिऊ नगा."

"का?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. महाबळेश्वराहून आलेल्या विचाराचा दुसरा भाग पाटीवर लिहिलेला नव्हता, तो त्यानं सांगितला. जानेवारीअखेर प्रत्येक खोलीतून निदान एक मेमो गेला पाहिजे, असं परिपत्रक होतं. ज्या खोलीतून जाणार नाही तिथली सगळ्यांत जास्त वेळा उशिरा येणारी मुलगी कमी करायची. फाटकावरच्या वहीत अंजनाचं नाव सगळ्यांत वर होतं. शुक्रवारी आकाराम चहा घेऊन गेला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी अनंतरावांपुढं अंजनाच्या नावाचा कागद केला होता.

"साहेब म्हनलं, तिचं नाव ऱ्हाऊ द्या. उद्या दुसरं देतो. म्यानेजर म्हनलं, खोटं चालायचं न्हाई. तर साहेब म्हनलं, मी खोटं कवा लिहित न्हाई." आकारामनं फाटकाची कडी लावली. "शनवारी तुमी माघारी पळालासा, तवा आमी समोर च्या पीत हुतो. साहेब लय येळ तिथंच हुबं ऱ्हायलं. मी म्हनलं, काय झालं? तर म्हनलं, आकाराम, ज्याला मेमो द्यायला भ्या वाटत न्हाई असं एकच मानूस हाय आपल्याकडं."

विनोदिनी घरी आली. कुलूप काढलं, आत गेली आणि गाद्यांच्या ढिगासमोर उभी राहिली. सगळ्यांत खालची वळकटी. ती ओढून काढायला चार गाद्या उतरवाव्या लागतात. चष्मा विसरणारं माणूस तो तिथं विसरत नाही. उशीर खरा व्हायला हवा होता, म्हणून त्यांनी तो चार गाद्यांखाली, साधारण दहा मिनिटांच्या अंतरावर ठेवला होता. आणि रात्री हात धुताना, खुलासा कसा लिहायचा ते सांगणार होते. ते तिनं ऐकून घेतलं नव्हतं.



*

सुनावणी भोकांच्या खोलीतच झाली. सर्वांसमक्ष म्हणजे कुटुंबासमक्ष, असा मॅनेजरसाहेबांनी अर्थ लावला होता आणि त्यांना तो मनापासून आवडला होता. यंत्रं बंद. मुली पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. टेबलाशी अनंतरावांची खुर्ची रिकामी, शेजारी मॅनेजरसाहेबांची, आणि कोपऱ्यात हरिभाऊ लेखणी घेऊन. मॅनेजरसाहेबांनी नेतृत्व आणि माणुसकी यांवर चार शब्द सांगितले. ते वाईट गृहस्थ नव्हते. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. आता हा मेमो मी कुटुंबाच्या वतीनं मागं घेणार आहे, ते म्हणाले, फक्त खुलासा तेवढा रीतसर होऊ द्या.

मेमो टेबलावर होता. विनोदिनीला उभ्या जागेवरून दोन्ही ठिकाणचं नाव वाचता येत होतं.

तिनं हरिभाऊंना विचारलं, की आज तो मागं घेतला तर जानेवारीच्या रकान्यात काय लिहिणार? हरिभाऊ म्हणाले, शून्य. मग त्यांना स्वतःलाच काय ते कळलं, आणि त्यांची लेखणी थांबली. अंजना खाली पाहत होती.

"मग लिहून घ्या," विनोदिनी म्हणाली. "चष्मा आणायला मला अधिकाऱ्यांनी पाठवलं नव्हतं. छापखान्याच्या कोपऱ्याच्या अलीकडे पाच पावलांवर आम्ही होतो. तिथवर ते माझे वडील होते. वडिलांनी मुलीला चष्मा आणायला सांगितलं, ते घरचं आहे, त्याची चौकशी इथं होत नाही. आकाराम साक्षीला आहे."

"व्हय," आकाराम म्हणाला. "अलीकडंच हुतं. पाच पावलं."

"आणि उशीर झाला तो कर्मचाऱ्याला. अकरा मिनिटं. मेमो बरोबर आहे, चूक माझी. तो मागं घेऊ नये."

मॅनेजरसाहेब गोंधळले. शिबिरात या प्रसंगाची तयारी करून घेतलेली नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं, मिस मोडक, तुम्ही हा कागद मिळवायलाच साताऱ्याला गेला होतात ना? ती हो म्हणाली. मग त्यांनी सही केली. हरिभाऊंनी मेमोवर 'निकाली' असा शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांनी हात जरा वर धरला, आणि दोन्ही ठिकाणचं नाव शिक्क्याबाहेर राहिलं. नियमात बसेल एवढं त्यांनी केलं. कागद साताऱ्याच्या पाकिटात गेला, पाकिटाला डिंक लागला.

मुलींनी खुर्च्या फिरवल्या, पण यंत्र कुणी सुरू केलं नाही. विनोदिनी टेबलापाशीच उभी होती. तिनं पिशवीत हात घातला. चष्मा महिनाभर तिथंच होता. तिनं तो काढला, पदरानं काचा पुसल्या, आणि दौतीशेजारी, रोज असायचा त्या जागी ठेवला. खोलीत तेरा मुली होत्या, मॅनेजरसाहेब होते, हरिभाऊ आणि आकाराम होते. पाच वर्षांत जे तिनं त्या खोलीत एकदाही उच्चारलं नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, रिकाम्या खुर्चीकडे पाहून ती म्हणाली,

"बाबा, चष्मा आणलाय. थोडा उशीर झाला."